ओसरीवरून : पाणपोईवर भरलेली घागर

वाचकहो, गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. विषय तसा क्षुल्लक. परंतु रात्रीच्या पानावर सुरू झालेला तो वाद मध्यरात्र उलटली तरी मिटेना, आणि अखेर मिटला तेव्हां वाद घालणारे आम्ही सगळेच थोडेसे वरमून निजावयास गेलों. विजेच्या मोटारी आतां आपल्यांतील पुष्कळ घरांत येऊं लागल्या आहेत. तेव्हां आज ना उद्यां हा वाद तुमच्याही घरीं होईल, या समजुतीनें तो येथें सांगतों.

आमच्या पुतण्यानें दीड वर्षापूर्वीं विजेची मोटार घेतली. आमची वाडी गिरगांवांतील. बोळ अरुंद, जिने लांकडी, आणि घरमालकाच्या आजोबांनीं ती बांधली तेव्हां मोटार ही वस्तु भाडेकऱ्यांच्या स्वप्नांतही नव्हती. त्यामुळें गाडी रस्त्याच्या कडेला, पैसे भरून, ज्या दिवशीं जेथें जागा मिळेल तेथें उभी राहते. गाडी घेतांना विक्रेत्यानें सांगितलें होतें कीं, पहिलें वर्षभर ठरलेल्या स्टेशनांवर जलद चार्जिंग फुकट मिळेल. घरांत सर्वांस आनंद झाला. मग नेमच पडला. आठवड्यांतून चार-चार वेळां रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं पुतण्या, सूनबाई आणि मुलें परळच्या बाजूच्या एका स्टेशनावर जात, गाडी चार्जिंगला लावीत, आणि आइस्क्रीम खाऊन तास-दीड तासानें परत येत. फुकटच्या विजेपायीं आइस्क्रीमचें बिल किती झालें, असें आमच्या सौ.नीं एकदां विचारलें होतें. पण त्या प्रश्नाला उत्तर मिळालें नाहीं.

एके दिवशीं लालबागला आप्तांकडे हळदीकुंकू होतें. गाडी स्टेशनावर लावून मंडळी चालत तिकडे गेलीं. हळदीकुंकू म्हटलें कीं गप्पा आल्याच. सव्वादोन तासांनीं परत येऊन पाहतात तों शेजारीं एक विजेवरची टॅक्सी उभी, आणि तिचा चालक फुटपाथच्या कठड्यावर बसलेला. त्या ठिकाणीं चार्जर दोन. पैकीं एक त्या दिवशीं बिघडलेला. टॅक्सींत पांच टक्के वीज उरली होती आणि विमानतळाची एक वर्दी हातची गेली होती. तो मनुष्य रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, “साहेब, तुमची गाडी तासाभरापूर्वींच भरली. पण तुम्ही कुलूप लावून गेलांत, म्हणून गन निघेना. तुम्हांला हें फुकट असेल. मला पैसे देऊनही मिळालें नाहीं.”

पुतण्यानें क्षमा मागितली आणि गाडी हलविली. घरीं येऊन मात्र तो कांहीं बोलला नाहीं. गोष्ट बाहेर आली ती पुढें, वर्षाची मुदत संपल्यावर. फुकट चार्जिंग थांबलें, आणि त्याच सुमारास त्या स्टेशनावर नवा नियम लागला कीं, बॅटरी भरल्यावरही गाडी जागेवर ठेवल्यास मिनिटागणिक आकार पडेल. त्या रात्रीं पानावर बसतांच पुतण्या म्हणाला, “काका, ही शुद्ध फसवणूक आहे. फुकटाचें आमिष दाखवून गाडी विकायची, आणि संवय लागली कीं कुलूप घालायचें!”

आम्ही म्हणालों, “अरे, मुदत वर्षाची होती हें कागदावर लिहिलेलें होतें.” त्यावर त्याचें म्हणणें असें कीं, कागदावर कांहींही असो, मर्यादा ही कृपणाचीच. सूनबाईनें तेव्हां टॅक्सीवाल्याची हकीकत सांगितली. आमच्या मातुःश्री इतका वेळ मुकाट्यानें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे बाळ, पाणपोईवर वाटसरूनें ओंजळभर पाणी प्यावें. शेजारच्यानें रोज घागर घेऊन जाऊं नये. मग पाणपोई घालणारा तरी काय करील? तो ओगराळें लहान करतो.”

हा दृष्टांत ऐकून वाद संपेल असें आम्हांस वाटलें. पण पुतण्या म्हणाला, “आजी, ज्याच्या घरीं नळ आहे त्यानें घागर नेली तर तो लोभी खरा. ज्याच्या घरीं नळच नाहीं, त्यानें कोठें जावें?”

या प्रश्नावर मात्र सगळेच गप्प झालों. तो प्रश्न खरा होता. आजच्या लेखाचें कारण तोच.

प्रथम, वीज फुकट मिळाली ती कां, हें पाहूं. मुंबईंत विजेचा व्यवहार कधींच धर्मादाय नव्हता. १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे प्रथम लागले. परंतु तें काम अंगावर घेणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडईंत पुन्हां गॅसच्या बत्त्या आल्या. १९०७ च्या मे महिन्यांत ट्रॅम विजेवर धावूं लागली, दादर टी. टी. या नांवांत तिची आठवण अजून आहे. १९६४ च्या ३१ मार्चला ती बंद होईपर्यंत तिकिटावांचून तिनें कोणास नेलें नाहीं. १९१५ सालीं खोपोलीच्या वीजगृहांतून सह्याद्रीच्या पाण्याची वीज आली आणि परळ-लालबागच्या गिरण्यांचीं यंत्रें तिच्यावर फिरूं लागलीं; तीही मापून घेतलेली आणि मापून दिलेली.

मग मोटारीसच ती फुकट कां? तर चहासारखी. १९३० नंतरच्या दशकांत चहाचा खप वाढविण्यासाठीं नेमलेल्या मंडळाचे लोक गांवोगांव हिंडून लोकांस तयार चहा फुकट पाजीत, आणि तो करावा कसा हें घरोघर जाऊन दाखवीत. आज आपल्या चुलीवर सकाळीं पहिलें आधण चहाचें चढतें, आणि त्याचे पैसे आपण बिनतक्रार मोजतों. विजेच्या मोटारीचेंही तसेंच. नव्या गाडीस वाटेंत वीज मिळेल कीं नाहीं, ही भीति प्रत्येकास. ती घालविण्यासाठीं विकणारा म्हणतो, वीज आमच्याकडून घ्या. भीति गेली, गाड्या वाढल्या, कीं फुकटाचें प्रयोजन संपतें.

अमेरिकेंत हें अगदीं क्रमानें घडलें. टेस्ला कंपनीनें २०१२ सालीं कॅलिफोर्नियांत सहा ठिकाणीं जलद चार्जिंगचीं स्टेशनें उघडलीं, आणि आपल्या गाडीच्या मालकांस वीज फुकट देऊं केली. हेतु हा कीं, लांबच्या प्रवासांत अडचण पडूं नये. तीन वर्षांत असें दिसलें कीं, प्रवाशांबरोबर शेजारींच राहणारे कांहीं लोकही तेथें नित्य येतात. २०१५ च्या ऑगस्टांत कंपनीनें अशा नित्य येणाऱ्या मंडळींस पत्रें लिहून त्यांची कानउघाडणी केली. २०१६ च्या डिसेंबरांत, बॅटरी भरूनही जागा अडविणाऱ्या गाडीस मिनिटाला ४० सेंट आकार बसविला. पांच मिनिटांत हलविली तर माफ. १५ जानेवारी २०१७ नंतर मागविलेल्या गाड्यांस वर्षाला ४०० युनिटें फुकट, पुढें पैसे, असें माप ठरलें. त्याच वर्षाच्या अखेरीस, यापुढें घेतलेल्या गाड्या टॅक्सीच्या धंद्यांत असतील तर त्यांनीं या स्टेशनांवर येऊं नये, असाही नियम झाला. इंग्लंडांत इकॉट्रिसिटी या कंपनीनें २०११ पासून हमरस्त्यांवर फुकट दिलेली वीज २०१६ सालीं विकत झाली. विजेच्या मोटारींचें माहेरघर म्हणवणाऱ्या ऑस्लो शहरानेंही नगरपालिकेच्या चार्जिंगला २०१९ सालीं आकार लावला.

आपल्याकडे तर मुदत पहिल्यापासूनच बांधलेली असते. २०२४ च्या सप्टेंबरांत आलेल्या एम. जी. विंडसर गाडीबरोबर एक वर्षाचें सार्वजनिक चार्जिंग फुकट देऊं केलें होतें. त्याच डिसेंबरांत टाटा मोटर्सनें नेक्सॉन व कर्व्ह या विजेवरच्या गाड्या घेणारांस टाटा पॉवरच्या स्टेशनांवर सहा महिने फुकट देऊं केले. महापालिकेच्या वाहनतळांत मात्र आरंभापासून दाम मोजावा लागला. दादरच्या कोहिनूर वाहनतळांत २०२१ च्या सप्टेंबरांत सात चार्जर बसले, तेव्हां दर युनिटास १५ रुपये होता. आणि जिनें अमेरिकेंत फुकटाची प्रथा पाडली त्याच टेस्ला कंपनीनें २०२५ च्या ऑगस्टांत वांद्रे-कुर्ला संकुलांत स्टेशन उघडलें, तें जलद चार्जिंगला युनिटामागें २४ रुपये आणि सावकाश चार्जिंगला १४ रुपये दर लावून.

हे दोन दर नीट पाहावे. वीज तीच, महाग आहे ती घाई. घरच्या तारेंतून येणारी वीज बॅटरीस जशीच्या तशी चालत नाहीं. तिचें रूपांतर करावें लागतें. सावकाश चार्जिंगांत हें काम गाडींतील लहानसें यंत्र करतें. जलद चार्जिंगांत तें बाहेरचें मोठें यंत्र करतें; त्यास जाड तारा, मोठा वीजभार आणि पुष्कळ भांडवल लागतें. अशा यंत्राची प्रत्येक घटका मोलाची. शिवाय बॅटरी भरण्याची रीत अरुंद तोंडाच्या कळशीसारखी आहे. आरंभीं धार मोठी सोडली तरी चालतें. कळशी गळ्याशीं आली कीं धार बारीक करावी लागते. शेंकडा ८० भागांनंतर जलद चार्जरही सावकाश होतो, आणि उरलेल्या २० भागांस अवाजवी वेळ लागतो. म्हणून ८० वर गाडी काढावी असा नियम कोठें असेल, तर तो केवळ हट्ट नव्हे.

जागा अडविण्याचा प्रश्न आपल्या घरांत समजावून सांगण्याचें कारण नाहीं. कार्यांत पहिली पंगत उठली नाहीं तर दुसऱ्या पंगतीचीं मुलें दाराशीं ताटकळतात. जेवण झाल्यावर पाटावर बसून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यास यजमान कांहीं बोलत नाहीं. वाढपी मात्र पाण्याचें भांडें घेऊन दोनदां समोरून जातो. मिनिटागणिक पडणारा आकार हा तो वाढपी. त्याचा राग मानण्याजोगें कांहीं नाहीं. आमच्या गाडीनें त्या दिवशीं सव्वा तास जागा रिकामी अडविली. ३० किलोवॅटच्या चार्जरानें तेवढ्या वेळांत ३५ युनिटें तरी दिलीं असतीं. म्हणजे दुसऱ्या गाडीचा दोनशें किलोमीटरांहून अधिक प्रवास आम्ही हळदीकुंकवाच्या गप्पांत घालविला. आणि तो टॅक्सीवालाच पाणपोईचा खरा वाटसरू होता.

येथपर्यंत मातुःश्रींचें म्हणणें खरें ठरलें. आतां पुतण्याचा प्रश्न.

त्याचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. कचेरी, मुलांची शाळा, एखादी फेरी धरून गाडी रोज सुमारें ३० किलोमीटर चालते. एका युनिटांत सहा-सात किलोमीटर. म्हणजे रोजचीं पांच युनिटें. पंधराच्या दरानें पाऊणशें रुपये. घरच्या जाड पिनेच्या, १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तासाला तीनेक युनिटें जातात. म्हणजे पांच युनिटांस दोन तास पुरेत. गाडी रस्त्यावर रात्रभर, आठ-नऊ तास, स्वस्थ उभी असते. थोडक्यांत, या गाडीस जलद चार्जरची गरजच नाहीं. तिला एक साधें सॉकेट हवें आहे, आणि तेंच नाहीं! मलबार हिलवरच्या बंगल्यांत ज्याची गाडी छपराखालीं उभी राहते, त्याला फुकटाची मुदत संपल्याचें कळतही नाहीं. मर्यादा दोघांस सारखीच. पण एकाची फक्त चैन जाते आणि दुसऱ्याची सोय.

तेव्हां आमचें मत असें बनलें आहे कीं, जलद चार्जिंगवरील मर्यादा योग्य आहेत, वेळेच्याही आणि मापाच्याही. आणि “फुकट पुन्हां द्या” ही मागणी करण्यांत अर्थ नाहीं. मागावयाचें तें दुसरेंच. जेथें गाडी रात्रभर उभी असते तेथें सावकाश, मापून, रास्त दरानें वीज मिळावी. नळ आला म्हणजे पाणपोईवर घागर कोणी नेत नाहीं.

कायद्याची आडकाठी यांत फारशी नाहीं. चार्जिंग स्टेशनास वीज विकण्याचा परवाना लागत नाहीं, हें केंद्र सरकारनें २०१८ च्या एप्रिलांतच स्पष्ट केलें. घरीं वा कचेरींत खासगी चार्जिंग करण्यास मोकळीक आहे, हेंही त्याच वर्षाच्या डिसेंबरांतील मार्गदर्शक सूचनांत आलें. २०१९ सालीं केंद्राच्या नमुना बांधकाम-नियमांत नव्या इमारतींच्या वाहनतळाचा शेंकडा २० भाग चार्जिंगच्या सोयीसाठीं धरावा, असें घातलें गेलें. २०२४ च्या सप्टेंबरांतील केंद्राच्या सूचनांत तर सार्वजनिक स्टेशनांस सकाळीं ९ ते दुपारीं ४ वीज सरासरी खर्चाच्या ०.७ पटीनें, आणि इतर वेळीं १.३ पटीनें द्यावी, असें सुचविलें आहे. कारण भर दुपारीं सूर्याची वीज मुबलक असते. हा लाभ स्टेशनवाल्यानें गिऱ्हाइकापर्यंत पोंचविला, तर ज्या घरची गाडी दुपारीं रिकामी असते त्यानें रात्रीं ९ च्या गर्दींत जाण्याचें कारण उरणार नाहीं.

अडचण आहे ती जुन्या चाळींची आणि रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागांत २०२० सालीं एका रस्त्यावरील २४ दिव्यांच्या खांबांनाच चार्जिंगचीं सॉकेटें बसविलीं. तेथेंही पुष्कळांस स्वतःची मोटारखोली नाहीं. जेथें पैसे घेऊन रात्रभर गाड्या उभ्या करूं देतात अशा आपल्या रस्त्यांवर महापालिका आणि बेस्ट यांनीं मिळून असा प्रयोग करण्याजोगा आहे. गिरगांव, परळ, लालबाग येथील ज्या वाड्यांचा पुनर्विकास चालला आहे, तेथील भाडेकऱ्यांनीं नकाशा कागदावर असतांनाच वाहनतळांत तारा व मीटर यांची तरतूद मागून घ्यावी. भिंती उभ्या राहिल्यावर तीच गोष्ट चौपट खर्चाची होते.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. आमच्या पुतण्यानें प्रथम असें सुचविलें कीं, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरींतून एक लांब तार खालीं सोडावी. आम्ही तें साफ नाकारलें. जुन्या चाळीचें वायरिंग दिव्या-पंख्यांसाठीं घातलेलें. तासन् तास इतका भार त्यानें सोसावा अशी अपेक्षा करणें म्हणजे लांकडी जिन्याशेजारीं निखारा ठेवणें. पाऊस, पायांत येणारी तार आणि खेळणारीं मुलें ही निराळीच काळजी. अर्थिंग तपासून, योग्य जाडीची स्वतंत्र तार ओढून, परवानाधारक तंत्रज्ञाकडून आणि बेस्टची मंजुरी घेऊनच हें काम करावें.

आमच्या वाडीच्या तोंडाशीं एक गाडी जेमतेम मावेल एवढी जागा आहे. तेथें एक सॉकेट, त्याला निराळें मीटर, जो वापरील त्यानें मापाप्रमाणें पैसे भरावे, आणि पाळी आधीं लिहून ठेवावी, असें पत्र आम्ही घरमालकांस व भाडेकरूंच्या मंडळास दिलें आहे. पहिल्या बैठकींत एका वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, “मोटार तुमची, आम्हांला त्याचें काय?” प्रश्न वाजवी होता. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांतील मुलगा पुढें होऊन म्हणाला, “आजोबा, माझी स्कूटर विजेची आहे. मी तिची बॅटरी रोज तीन जिने चढवून आत्याकडे नेतों, कारण आमच्या खोलींत सॉकेटाजवळ जागा नाहीं.” त्यानंतर बैठकीचा सूर पालटला. खर्च मात्र कोणीं आधीं घालावा, यावर घोडें अडलें आहे.

वास्तविक वर्गणीची आणि तारा ओढण्याची विद्या गिरगांवास नवी नाहीं. येथल्या केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. दरवर्षीं दहा दिवसांसाठीं आपण बेस्टकडून तात्पुरती जोडणी घेतों, मंडपभर दिवे लावतों, हिशेब छापून दारावर चिकटवितों. दहा दिवसांच्या उजेडासाठीं जी वाडी एक होते, तिला बारा महिन्यांच्या एका सॉकेटासाठीं एक होतां येऊं नये, असें आम्हांस वाटत नाहीं.

तोंवर पुतण्या आठवड्यांतून दोनदां, दुपारच्या वेळीं, पैसे देऊन चार्जिंग करून येतो. गाडीपाशींच थांबतो आणि ८० झाले कीं निघतो. त्याच्यापेक्षां मुलांस आइस्क्रीम बुडाल्याचें दुःख अधिक आहे. मातुःश्रींनीं परवां त्याला विचारलें, “मग वाडीच्या नळाचें काय झालें?” तो म्हणाला, “आजी, पुढच्या रविवारीं पुन्हां बैठक आहे.” बैठकींत जें ठरेल तें ओसरीवर कळवूंच. ज्या वाचकांच्या वाडींत वा सोसायटींत अशी सोय झाली असेल, त्यांनीं पाळी आणि पैसे यांची व्यवस्था कशी लावली तें आम्हांस अवश्य लिहावें. आमच्याप्रमाणेंच आणखी दहा घरांस त्याचा उपयोग होईल.